देवीदासचे गाल

देवीदास वाजंत्र्याचे गाल साऱ्या वऱ्हाडात प्रसिद्ध होते. सनई तोंडाला लावली की ते बेलफळाएवढे फुगत आणि मग सूर म्हणून तुटत नसे. गालातला वारा सनईत सोडायचा आणि तेवढ्यात नाकाने नवा भरून घ्यायचा, हे त्याला झोपेतही जमतं, असं त्याची बायको मनकर्णा सांगे. सातासमुद्रापार कुठेशी लढाई जुंपली होती म्हणे आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या, लग्नं दणक्यात होऊ लागली आणि अमरावतीपासून अकोल्यापर्यंत देवीदासला बोलावणी येऊ लागली. थोडी हवा डोक्यातही गेली होती, खोटं कशाला बोला.

पण त्याचा जीव होता तो गावच्या राममंदिरातल्या मानावर. तो बापाकडून आलेला. रामनवमीला भर दुपारी रामजन्म झाला की वाजवायचं ते त्यानेच. गोदाबाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. गोदाबाई म्हणजे खुशालराव पाटलांची आई, आणि देवळाला नवा रंग लागला होता तो त्यांच्याच कापसाच्या पैशाने.

"जन्माले सनई वाजव, पन पाळन्याले नको," त्या म्हणाल्या. "आमी बायका जलमभर पाळना म्हनून राह्यलो. तुह्या सनईखाली आमचा आमाले आयकू येत नाई, रामाले काय येईन? पाळन्याले बासरी पाह्यजे. तुले जमत नसन तं अकोल्याहून मानूस बलावू. मंग मान त्याचा."

"बासरी तं किसनाची असते, माय."

"लेकरू कोनाचंई असो, झोपते हळू आवाजानंच."

देवीदास मनात हसला. भोकं पाडलेला वेळू तो, त्यात न जमायला काय झालं? "वाजवतो," म्हणून मोकळा झाला.

घरी बासरी होतीच. मनकर्णेचा बाप अंजनगावकडे गुरं वळायचा. त्याची बासरी तिने माहेराहून आणली होती. लग्नानंतर एकदाच वाजवली, तर देवीदास म्हणाला, "हे ढोरायसमोर वाजवाचं. वाजंत्र्याच्या घरात नको." तेव्हापासून ती छपरात खोचलेली. आज मनकर्णेने ती काढली, पदराने पुसली आणि त्याच्या हातात दिली.

देवीदासने आधी फुंकायचं भोक जिभेने ओलं केलं. सनईची पत्ती भिजवल्याशिवाय बोलत नाही, ही हाडात मुरलेली सवय. इथे पत्तीच नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मग गाल फुगवून त्याने फुंक मारली. आवाज निघाला तो लोहाराच्या भात्याचा. दुसरी मारली तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तो भिंत धरून खाली बसला.

"बसा, बसा," मनकर्णा म्हणाली. "एवढ्या वाऱ्यात तं पाटलाचं खळं उपनून झालं असतं."

ती चरखीवर कापसाची सरकी काढत होती. तिने कापसाचा एक पुंजका त्याच्या तळहातावर ठेवला. "हा हालला पाह्यजे, उडाला नाई पाह्यजे. गाल आत घ्या."

पुंजका उडाला आणि त्यामागून टोपलीतला कापूसही. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात भाकरीत कापूस, मिशीत कापूस. शेजारची कौशल्या दारातून विचारी, "काहून व, घरात पिंजारी ठेवला का?"

हळूहळू पुंजका नुसता थरथरू लागला. बासरीतून सूर निघाला, गोडही निघाला. पण अर्ध्या ओळीत दम संपे. गाल आत घेतले की नाकाची युक्ती चालेना, आणि बासरी तर वारा नुसता पिऊन टाकी. रामनवमी तोंडावर आली तसा देवीदासचा चेहरा उतरला.

"बापाचा मान माह्या हातानं जाईन वं," तो म्हणाला.

मनकर्णेने चरखी थांबवली. या वेळी ती हसली नाही. "अर्धीच ओळ वाजवा. थांबा. मंग पुढची."

"वाजंत्री मधातच थांबला तं लोक काय म्हनतीन?"

"पाळनाई थांबतेच ना, दोरी ओढाच्या आंधी?"

रामजन्माला गुलाल उधळला, सनई कडाडली, गाल फुगायचे तेवढे फुगले. मग पाळणा बांधला गेला आणि देवीदासने बासरी उचलली. अर्धी ओळ बरी गेली. दम संपला. तो थांबला. देऊळ चिडीचूप झालं आणि त्याचे कान तापले.

तेवढ्यात बायकांमधून एका आवाजाने उरलेली अर्धी ओळ उचलली. जरा जाडसर, पण स्वच्छ आवाज. कोणाचा, हे त्याला पटकन कळेना. त्याने मान वळवली. पाळण्याची दोरी मनकर्णेच्या हातात होती आणि ती गात होती. दर वर्षी ती इथेच उभी राहून गात आली होती आणि दर वर्षी तो चार हातांवर सनई फुंकत होता. ती थांबली तशी त्याने पुढची अर्धी ओळ वाजवली, अगदी हळू.

"मान तुहाच," गोदाबाई नंतर म्हणाल्या.

घरी आल्यावर तो बासरी छपरात खोचेल म्हणून मनकर्णा पाहत होती. त्याने ती तिच्याच पुढ्यात ठेवली.

"वाजव."

"हे तं ढोरायसमोर वाजवाचं," मनकर्णा म्हणाली.

"मंग बसलो ना समोर," देवीदास म्हणाला आणि मांडी घालून बसला.