वाट दाखवणाऱ्यानेच दुकान थाटलं

मी एक जुना शोधाचा चौकोन आहे. प्रवासाची बुकिंगं करणाऱ्या एका लहान वेबसाइटच्या मधोमध बसतो. माझ्यात एक उभी रेघ सारखी लुकलुकत असते. मित्रांनो, लोकांना ती सजावट वाटते. ती माझी धाकधूक आहे.

ताई आणि तिच्या धाकट्या भावाने मला घडवलं. ‘कुठे जायचंय?’ असं मी विचारायचो, लोक गावाचं नाव टाकायचे आणि मी हॉटेलं, विमानं पुढ्यात मांडायचो. फार कौतुक झालं माझं. गिऱ्हाईक मात्र यायचं मोठ्या सर्च इंजिनाकडून. आम्ही जाहिरातीचे पैसे भरायचो, ते लोकांना आमची वाट दाखवायचं.

मग त्या वाट दाखवणाऱ्यानेच नाक्यावर दुकान थाटलं. खोल्या, भाडी, तारखा, सगळं तिथेच. माझ्यापर्यंत यायचं कुणाला काय अडलंय?

भाऊ रोज सकाळी तिथे आमचंच नाव शोधायचा आणि खूश होऊन आमच्याच जाहिरातीवर क्लिक करायचा.

“अरे, त्या क्लिकचेही पैसे जातात! स्वतःच्या घरात शिरायला शेजाऱ्याकडे तिकीट काढतोस?”

“बघत होतो गं, आहोत का आपण.”

“आहोत. तू बघणं थांबवलंस तर आणखी थोडे दिवस राहू.”

काल भाऊ म्हणाला, “ताई, वेबसाइट बंद करू या.” ताई काही बोलणार, तेवढ्यात आत्याचा फोन आला.

“अगं, मी त्या मोठ्या सर्च इंजिनावरच केलं हो बुकिंग. सगळं एका जागी दिसतं.”

“आत्या! घरची कंपनी असताना?”

“म्हणून तर तुला फोन केला. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि माझे गुडघे हे असे. आता तू बघ.”

ताईने हॉटेलवाल्याशी हुज्जत घालून तळमजल्यावरची खोली मिळवली.

“झालं! बुकिंग त्यांचं, निस्तरायचं आपण,” भाऊ करवादला.

“मग निस्तरायचेच पैसे घेऊ,” ताई म्हणाली.

आज माझा प्रश्न पुसून नवा लिहिला आहे: ‘बुकिंग कुठेही केलेलं असो, अडचण सांगा.’ चालेल का हे, ताईलाही ठाऊक नाही. दुपार झाली, अजून कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही. रेघ लुकलुकतेच आहे.

मित्रांनो, मोठ्या दुकानात खुशाल जा. पण अडल्यावर ज्याला फोन करता, त्याच्याकडे कधीतरी न अडताही जात जा. नाहीतर खरंच अडेल तेव्हा फोन नुसता वाजत राहील.