पावाचा रंग

“सोड दोरी!” रंगमास्तरांनी फुटपाथवरून हाक दिली, आणि त्यांच्या प्रेसमधल्या नव्या मशीनवाल्याने शिडीवरून गुंडाळलेला बॅनर बेकरीच्या दारावर खाली सोडला.

उन्हासाठी कपाळाशी धरलेला मास्तरांचा हात तिथेच राहिला.

पाव निळा दिसत होता. भट्टीतून निघाल्यानिघाल्या त्यांनी स्वतः फोटो काढलेला तो खरपूस पाव आता आठवडाभर ओल्या कपाटात विसरल्यासारखा झाला होता. पांढऱ्या जागेवर निळीची झाक, अक्षरं डोळ्यांत खुपणारी. उद्या बेकरी उघडायची होती आणि बेकरीवाल्याने होतं नव्हतं ते सगळं तिच्यात ओतलं होतं.

“अरे, हे काय करून ठेवलंस?”

“काय झालं, मास्तर?”

“पावाला बुरशी लागलीय, दिसत नाही? इथे कोण पाऊल टाकेल?”

मशीनवाला शिडीवरून उतरला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं, पण आवाज ठाम होता.

“फाइलला बोट लावायचं नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत. मी नाही लावलं. दिलंत तसं छापलं.”

मास्तरांनी खरंच तसं बजावलं होतं; फाइलमधले रंग ते स्वतः ठरवायचे. खाण्याच्या दुकानाला लाल-पिवळा, दवाखान्याला निळा, लांबून वाचायचं असेल तर पिवळ्यावर काळं, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकूनच दुकानदार पाटी करायचे. ‘कसं दिसतंय?’ असं कुणाला विचारायची त्यांची रीतच नव्हती. बॅनर टांगला की रस्ता ओलांडायचा, समोरच्या खांबाशी उभं राहून डोळे बारीक करायचे, तरी अक्षर उठून दिसलं तर बॅनर पास. पण गेली काही वर्षं बॅनर मळकट उतरत होते. मशीनवर सून बसायची. “माझ्या रंगांवर पाणी ओततेस तू,” असं ऐकवून ऐकवून शेवटी मास्तरांनी तिला काउंटरवर बसवलं आणि हा नवा माणूस आणला. बेकरीची फाइल तिने मागितली होती. “बाबा, एकदा मला बघू द्या.” “कशाला? पुन्हा मळकट करायला?” एवढं बोलून ते उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घ्यायला गेले होते.

डोळ्यावरची पट्टी आज सकाळीच निघाली होती; डावा डोळा अजून व्हायचा होता. पिवळट समजून बाजूला टाकलेला सदरा पांढराशुभ्र निघाला, तेव्हा ते लहान मुलासारखे हरखले होते.

सवयीने ते खांबाशी गेले. सवयीने डोळे बारीक केले. मग, का कोण जाणे, त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

पाव सोनेरी झाला. खरपूस, हवा तसा.

त्यांनी हात डाव्या डोळ्यावर नेला. बुरशी.

पुन्हा उजवा झाकला, पुन्हा डावा. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली, पण मास्तरांना कशाचं भान नव्हतं. बेकरीशेजारी चपलांच्या दुकानावर त्यांच्याच हातचा जुना बॅनर होता. त्याच्यापायी सुनेला इतकं फैलावर घेतलं होतं की ती त्या दिवशी जेवली नव्हती. मास्तरांनी आता तो नव्या डोळ्याने पाहिला. लाल अगदी लाल होता, पांढरं पांढरं होतं. त्यांच्या मनात होता, हुबेहूब तसा.

ते तडक प्रेसकडे निघाले.

प्रेसमध्ये सून काउंटर पुसत होती. त्यांचा चेहरा पाहून तिने फडकं खाली ठेवलं.

“तू रंग बदलत होतीस?”



“तुमच्याकडून निळा जास्त पडायचा, तो कमी करायचे,” ती म्हणाली. “बाकी सगळं तुमचंच असायचं, बाबा.”

“मग बोलली का नाहीस?”

“डोळे दाखवा म्हटलं होतं. तुम्ही दोन दिवस अबोला धरलात. लोक तुमच्या डोळ्यांच्या भरवशावर दुकानं उघडतात. त्यांच्यासमोर काय सांगणार होते मी?”

“आणि वर माझी बोलणी खाल्लीस.”

“खाल्ली,” ती म्हणाली. “वाईट वाटायचं.”

त्यांनी मशीनसमोरची खुर्ची ओढली, तिच्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि बाजूला झाले.

सुनेने छापलेला नमुन्याचा तुकडा घेऊन दोघं बेकरीशी आले, तेव्हा बेकरीवाला दारात येऊन उभा होता. खाली उतरवलेल्या बॅनरची गुंडाळी त्याच्या पायाशी पडली होती. मास्तरांनी तुकडा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि बेकरीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. सून जवळच थांबली होती.

“इथे काय उभी राहतेस? खांबाशी जा,” ते म्हणाले.

तिने रस्ता ओलांडला.

“मास्तर, तुम्ही इकडे कसे?” बेकरीवाला चक्रावला. “तिकडून बघायचं काम तर तुमचं ना?”

पलीकडे सुनेने डोळे बारीक केले. ती बराच वेळ बघत राहिली. मास्तरांचे दंड भरून आले, पण हात त्यांनी खाली घेतले नाहीत.

“कसा दिसतोय गं?” त्यांनी भर रस्त्यात ओरडून विचारलं.