अराक्सीची जुनी कवळी

कॅलिफोर्नियातल्या फाउलरला नुबार काल्फायनच्या मळ्यात नव्या द्राक्षवाणांच्या नोंदी मी ठेवतो. सव्वीस वर्षांत माझ्या नावावर जमा म्हणावी अशी एकच गोष्ट होती : अडतिसाव्या ओळीतली अकरावी वेल.

बिनबियांच्या द्राक्षात बी धरते, पण कोवळेपणीच खुंटते. मणी फुगवते ती बीच, त्यामुळे तो लहान राहतो. माझ्या अकरावीचा मणी मात्र कुठल्याही फवारणीशिवाय चोवीस मिलिमीटरचा. प्रयोगशाळेने पान तपासून बिनबियांचं जनुक असल्याचं कळवलं होतं. माझ्या वहीत तीन हंगाम 'बी शून्य' होतं.

ऑगस्टात निकालाचा दिवस ठरला. वेल पसंत पडली तर नुबार तिला बायकोचं नाव देणार होता. नाहीतर ट्रॅक्टरने उपटणार.

शेवटचा शब्द अराक्सीचा. तीन वर्षांपूर्वी ती मळ्यात द्राक्षं चाखायच्या नोकरीवर आली. दोन ओळींमधल्या वाटेने जाताना डावी ओळ तिची, उजवी माझी. पसंतीच्या वेली मात्र शेवटी तीच चाखायची. सैल कवळीखाली बीची कणी गेली की ती ओरडे, आणि वेल जाई.

त्या सकाळी मी एकटाच लवकर गेलो. चार मणी खाल्ले आणि, आसपास कोणी नसल्यामुळे, थुंकलो. हातात सात कडक बिया आल्या. माझ्या नोंदी खोट्या होत्या, आणि का ते मला ठाऊक होतं. बिया रुमालात बांधल्या.

दहा वाजता अराक्सीने मणी चावला. नुबार आणि मी शेजारीच उभे होतो.

"लोणी आहे, लोणी!"

नुबारने मला मिठी मारली. "ओनिक, गाढवा, एवढी चीज लपवून ठेवलीस!"

"आणि हे बघा," अराक्सी हसली. "कालच फ्रेझ्नोला नवी कवळी बसवली. काही म्हणून टोचत नाही."

खिशातला रुमाल जड झाला. गप्प बसणं एवढंच मला आयुष्यात नीट जमलं आहे. तरी तोंडातून निघालंच, "अराक्सीबाई, जुनी कवळी आहे का?"

"पर्समध्ये आहे. का, तुला बसवायचीय?"

तिने पाठ फिरवली, कवळी बदलली, मणी चावला. "आई गं!"

"पण पानात तर बी नाही म्हणतात!" नुबार म्हणाला.

"मग पानात भात गुंडाळून शिजव आणि खा. बी माझ्या हिरडीत आहे."

नुबारने वही उघडली. "तीन वर्षं शून्य? कसं?"

"मी गिळत होतो."

"गिळत?"

"ह्या शेजारी असायच्या. बाईमाणसासमोर थुंकायचं कसं? थुंकलंच नाही, तर बिया मोजणार काय?"

नुबार क्रेटवर बसला. "आणि त्याआधीची तेवीस वर्षं?"

"तेव्हा शेजारी तू होतास. तुझ्यासमोर थुंकायचो."

अराक्सी हसता हसता कवळी सांभाळत होती. मी घाईघाईने म्हणालो, "उपटू नकोस. बारीक मण्याच्या बिनबियांच्या वेलीशी हिचा संकर करू. वाण नाही, आई तरी होईल."

नुबारने ट्रॅक्टरवाल्याला हाताने परत जायला सांगितलं. "पण नोंदी?"

"त्या मी बघते," अराक्सी म्हणाली. तिने एक टपोरा मणी तोडून मला दिला आणि आपला तळवा माझ्या हनुवटीखाली धरला. "थुंक."

माझे कान तापले. पहिला मणी बियांसकट पोटात गेला.

"पुन्हा."

सहाव्या मण्याला जमलं.