पिल्लाची सोयरीक आणि मी, टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. लगेच चेहरे पाडू नका. माझी गोष्ट अजून सुरूही झालेली नाही.

माझा जन्म डिचोलीला जानकीच्या अंगणात झाला. तिने बांबू चिरला, कामट्या तासल्या आणि कुणाला तरी शिव्या देत देत मला विणलं. शिव्या माझ्यासाठी नव्हत्या, पण जगातले पहिले शब्द म्हणून त्याच माझ्या कानावर पडल्या. पुढे पेडण्याच्या बाबली पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, मला सायकलच्या मागे बांधलं. माझ्या पोटात गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणि बांगडीसारखी कडक काकणं असत. भोंगा वाजला की लोक चपला न घालता धावत येत. हे सगळे मला बघायला येतात, असा माझा समज होता. तो कुणी दूरही केला नाही, कारण टोपलीशी सहसा कुणी बोलत नाही.

मग बाबलीने मोटरसायकल घेतली, तिच्यावर प्लास्टिकचं क्रेट आलं आणि मला शेजारच्या कृष्णनाथाला देऊन टाकण्यात आलं. तिथे मी आधी कांदे सांभाळले, मग नारळ, मग काहीच नाही. एकदा घरच्या कोंबडीला अंडं घालायला माझ्यात बसवलं. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि उठून निघून गेली. मित्रांनो, आयुष्यात याच्या खाली फारशी जागा नसते.

अशात कृष्णनाथाच्या मुलीने, गौरवीने, लॅब्रडॉरचं पिल्लू मागितलं. ती जेवताना मागायची, परीक्षेनंतर मागायची. शेवटी सत्यनारायणाच्या पूजेला भरल्या घरात तिने हात जोडून मोठ्याने मागितलं, तेव्हा कृष्णनाथाचा नाइलाज झाला. मोबाइलवर कुणीतरी फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'असली जातिवंत. शुक्रवारी म्हापशाक बसस्टँडार येवा.' गौरवीने मला धुतलं, पुसलं, आत मऊ टॉवेल घातला. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या आतला विचार केला.

सोबत पद्मावती आत्याही निघाली. ही कृष्णनाथाची थोरली बहीण, राहायला आमच्याकडेच. पेडण्यातली निम्मी लग्नं तिने जुळवलेली. उरलेली निम्मी तिला न विचारता झाली, म्हणून त्या घरांत ती पाणीही पीत नाही.

बसस्टँडवर हेल्मेट घातलेला एक माणूस पुठ्ठ्याचं खोकं घेऊन उभा होता.

"हेल्मेट तरी काड रे," आत्या म्हणाली. "तोंड बघूंदे."

"घाई आसा." त्याने खोक्यातून पिल्लू काढून गौरवीच्या हातात दिलं. पिल्लाचे डोळे चिकटलेले होते, पोट फुगलेलं होतं.

"ह्याची आवस खंय?" आत्याने आईपासून चौकशी सुरू केली.

"पुण्याक."

"आणि बापूस?"

"दुबयक."

"नोकरेक?"

"थंय कुत्र्यांचो शो असता. आत्यानू, तुमका कुत्रो व्हयो काय जावय?"

हा प्रश्न त्याने चुकीच्या बाईला विचारला.

"आवस बघल्याशिवाय मी आजपर्यंत एक सोयरीक जुळवूक नाय," आत्या म्हणाली. "किश्ना, चल."

पिल्लू गौरवीचा अंगठा चाटत होतं. त्या क्षणी मी त्याच्यासाठी स्वतःहून उघडले असते, पण मी मुळातच उघडी असते. कृष्णनाथाने ते अलगद परत खोक्यात ठेवलं. परतीच्या बसमध्ये माझ्यात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी होती आणि गौरवी आत्याशी बोलत नव्हती. त्या पिल्लाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. आठवलं की माझ्याच दोन कामट्या मला टोचतात.

आत्याने मात्र सोयरिकीसाठी फिरवायचे ते सगळे फोन पिल्लासाठी फिरवले. घराणं चांगलं पाहिजे, रंग कसाही चालेल, माणसं सांगण्यासारखी पाहिजेत. असं करत करत डिचोलीची विनोदिनी सापडली आणि आम्ही सगळे तिच्या घरी गेलो. तिच्याकडे मोगरी नावाची एकच कुत्री होती आणि तिची पिल्लं परसात एकमेकांच्या अंगावर लोळत होती. मोगरी आली, तिने सगळ्यांना हुंगलं, मलाही, आणि ती कृष्णनाथाच्या पायावर जी बसली ती उठेचना.

"आवस पसंत," आत्याने जाहीर केलं.

पण इथे पसंती दोन्हीकडून होती. मोगरीची कंबर आणि डोळे डॉक्टरकडून तपासून घेतल्याचं विनोदिनीने न विचारता सांगितलं, आणि मग तीच विचारू लागली.

"दिसभर घरात कोण असता?"

"मी," आत्या म्हणाली आणि तिने कृष्णनाथाकडे बोट दाखवलं. "हेची बायल सुविधा मोपाक विमानतळार कामाक जाता. हो बँकेत."

"बांधून घालतलात?"

"नाय, नाय!" गौरवी ओरडली.

"बरा. आठ आठवडे झाल्याशिवाय मी पिल्लू आवशीकडसून काडणंय नाय."

कृष्णनाथाने बोटांवर हिशोब केला. "म्हणजे बरोबर चवथीक, गणपतीत! सगळी भावकी घरात असतली."

"भावकी असतली आणि फटाकेय असतले. चवथ झाल्यार न्हेवा. आणि त्याच्याआधी मी तुमचा घर बघूक येतलंय. घर पटला नाय तर पिल्लू मेळाचा नाय."

बसमध्ये कृष्णनाथ कुरकुरला, "घेतलंव आमी, आणि परीक्षाय आमचीच?"

"चेडवाकडची माणसां घर बघूकच व्हयी," आत्या म्हणाली. "बाई बरोबर आसा."

आणि इथेच घात झाला. सोयरिकीला मुलीकडची माणसं घर बघायला येणार म्हटल्यावर आमच्याकडे जे जे करतात, ते सगळं झालं. पडदे धुतले. शेजाऱ्यांचा सोफा उसना आणला. कृष्णनाथ इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा बसला. आणि गेटाला लावून उरलेला सोनेरी ऑइलपेंट आत्याने मला लावला. दोन हात. मी झगमगले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

विनोदिनी आली. तिने सोफ्याकडे पाहिलंही नाही. विहिरीचा कठडा पाहिला, गेटाखालच्या फटीत हात घालून पाहिला, मग माझ्यापाशी बसून नाक जवळ आणलं.

"ह्या काय?"

"तेचो पलंग," आत्या म्हणाली. "सोनेरी."

"पिल्लू पयली हीच चावतला. रंग पोटात गेलो तर? आणि गेटाखालसून तां सरळ रस्त्यार." तिने पर्स उचलली. "नाय जमाचा."

आत्याच्या हातातली शिऱ्याची बशी हवेतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर तिचीच सोयरीक मोडत होती.

गौरवी दारात आडवी उभी राहिली. "आणि काय काय चुकला तां सांगा. सगळा सांगा. चवथीपर्यंत वेळ आसा, आमी करतलंव."

विनोदिनीने पर्स सोफ्यावर ठेवली. सोफ्याचा तेवढाच उपयोग झाला. दोघी घरभर फिरल्या. लोंबती वायर दिसली, कोपऱ्यातलं उंदरांचं औषध दिसलं, दारातली विषारी कण्हेर दिसली. कृष्णनाथ इस्त्रीच्या शर्टासकट गेटाखाली आडवा झाला आणि फटीला जाळी ठोकू लागला. बाबली पोदेर रस्त्यावरून जात होता. त्याने गाडी थांबवली. "किश्ना, काय झाला रे?"

"सोयरीक!" कृष्णनाथ खालून ओरडला.

निघताना विनोदिनी म्हणाली, "चवथ झाल्यार येवा. आणि कधी जमला नाय, तर रस्त्यार सोडू नकात. माका परत हाडून दिया." तिने शिरा बांधून घेतला. आत्याने तो होकार मानला आणि गौरवीने आत्याच्या कमरेला मिठी मारली. म्हापशानंतर ती आत्याशी धड बोलली नव्हती, ते सगळं त्या मिठीत भरून निघालं.

पिल्लू आलं, पण माझ्यातून नाही. मोगरीच्या अंगाचा वास असलेलं फडकं विनोदिनीने दिलं होतं, ते गोधडीवर पसरलं आणि त्यात नाक खुपसून ते झोपलं. माझा रंग खरवडून निघेना. आता मी उंच खिळ्याला टांगलेली असते. माझ्यात पट्टा आहे, ब्रश आहे आणि आत्याचा चष्मा, जो ती घरभर शोधत असते.

मित्रांनो, तुम्हांला पिल्लू हवं असेल, तर आधी त्याची आई बघा, ती राहते ते घर बघा. देणारं माणूस उलट तुम्हांलाच प्रश्न विचारू लागलं तर रागावून उठू नका, खुर्ची पुढे ओढा. त्याने नाही म्हटलं, तर काय चुकलं ते विचारा. घरात दुरुस्त होण्यासारखं पुष्कळ असतं. माझं काय, मी रंगून बसले आहे. तुमच्या गेटाखालची फट मात्र बघून घ्या. आजच, जेवणाआधी.