ही शिडी कुणाची?

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. अंगाने थकले असेन, पण तोंडाने मुळीच नाही, तेव्हा जरा निवांत बसून ऐका.

आमच्या गल्लीतल्या कौलारू घरांनी वर्गणी काढून मला एका सुताराकडून घडवून घेतले. त्यामुळे मी एका घरची कधीच झाले नाही. गल्लीचा नियमच तसा होता: शिडी परत करायची नाही. काम झाले की आपल्या भिंतीला टेकवून ठेवायची, आणि पुढच्याने शोधत यायचे. शोधता शोधता लोक चार घरांत डोकावत, चहा पीत, आणि कधी कधी शिडी विसरूनच घरी जात. माझ्यावर चढून लोकांनी कौले शाकारली, मांजरे उतरवली. पूर्वी पोस्टमन असलेल्या धिप्पाड काकांच्या वजनाने माझी एक पायरी मोडली, तेव्हा खापर मात्र माझ्याच माथी फुटले.

पुढे कोपऱ्यावरच्या रिकाम्या जागेत फलक लागला: 'मिश्र वापराची भव्य इमारत'. म्हणजे खाली दुकाने, मध्ये कचेऱ्या, वर घरे. मला हसूच आले. अहो, माझ्यावर सकाळी रंगारी चढे, दुपारी पांघरुणे वाळत आणि संध्याकाळी खालच्या पायरीवर बसून गल्लीतल्या बायका गप्पा मारत. मिश्र वापर मला कुणी शिकवायला नको होता.

बघता बघता इमारत उभी राहिली. खोटे कशाला बोलू, गल्लीचे रूप पालटले. औषधाचे दुकान हाकेच्या अंतरावर आले, रस्ता उजळला, घरांना सोन्याचा भाव आला. पण दारासमोर परक्या गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि शेवटच्या घरात शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या खोलीतले ऊन गेले ते गेलेच.

मावशींची वेगळीच तऱ्हा झाली. इमारतीमुळे त्यांची गिऱ्हाइके वाढली. कुणाची पँट लांब, कुणाचा सदरा ढगळ. काम दारात आले आणि उजेड खिडकीतून निघून गेला. दिवा लावूनही काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेना. परगावचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, चांगला भाव येतोय, घर विकून टाक. डोळे कशाला फोडून घेतेस?" मावशी "बघू" म्हणाल्या, पण त्यांच्या अगदी जिवावर आले होते. रविवारी लोक घर बघायला येणार असे मुलाने ठरवूनही टाकले.

काकांना तोडगा सुचला. "छपरात काचेची कौलं बसवू. वरचं ऊन कोण अडवतंय?" ते कौले घेऊन आले आणि बघतात तर मी गायब.

झाले होते असे. आदल्या दिवशी काकांनीच वाऱ्याने उडालेली चादर काढायला मला इमारतीच्या भिंतीला लावले आणि नियमाप्रमाणे तिथेच सोडले. इमारतीचे व्यवस्थापक साहेब शिस्तीचे. त्यांनी गल्लीत चौकशी केली. पहिल्या घरात उत्तर आले, "आमची." दुसऱ्या घरात, "आमची." तिसऱ्यातही तेच. "एका शिडीला इतके मालक? मला बनवताय का?" असे म्हणून त्यांनी मला कोठीच्या खोलीत कोंडले. तिथे ॲल्युमिनियमची एक बुटकी शिडी होती. तिने माझ्याशी चकार शब्द काढला नाही.

काका तिथे जाऊन म्हणाले, "आमची शिडी द्या."

"या, तुम्हीच राहिला होतात," साहेब म्हणाले, आणि त्यांनी काकांना वाटेला लावले.

मग मावशी स्वतः गेल्या. योगायोग असा, की त्यांनीच आखूड करून दिलेली काळी पँट साहेबांच्या अंगात होती. तिचा एक पाय घोट्यावर आणि दुसरा बुटावर आला होता. मावशी ओशाळल्या.

"उसवून नीट करून देते हो. घरात उजेड नाही. तुमच्या इमारतीच्या सावलीत बसते मी."

"ते राहू द्या. आधी सांगा, शिडी कुणाची? तुमची?"

"आपली आहे," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला लागली तर तुम्हीही न्या. परत मात्र आणायची नाही."

'आमची'मध्ये साहेब कुठेच नव्हते, 'आपली'मध्ये होते. इथे आल्यापासून गल्लीतल्या कुणी त्यांना असे आपल्यात धरले नव्हते. त्यांनी किल्ली काढली आणि माझे एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतले.

काका वर चढले तेव्हा मी जीव मुठीत धरून उभी होते, आणि साहेब मला दोन्ही हातांनी धरून. काचेची कौले बसली, आणि ऊन थेट शिलाई मशीनवर उतरले. मावशींनी पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला. मग त्यांनी साहेबांची पँट मागून घेतली, आणि साहेब काकांचा भलामोठा पायजमा घालून कोपऱ्यात बसले. मी त्या दिवशी फार आनंदात होते.

पँट शिवून झाल्यावर मावशींनी मुलाला फोन लावला. "रविवारी कुणाला पाठवू नकोस रे. घरात ऊन आलंय."

मित्रांनो, माझ्यासारखीला पावसात भिजत ठेवू नका, अधूनमधून तेल पाजत जा. आणि घरात स्वतःची शिडी असली, तरी कधीतरी शेजाऱ्याची मागायला जा.