मामाच्या माळ्यावरची टेप

मित्रांनो, माझ्यावर सात गाणी होती आणि त्यांतले एकही बाजारात आले नाही. मी एका रॉक बँडची जुनी टेप आहे. चकतीवर गुंडाळलेली तपकिरी फीत.

गालिच्यांच्या दुकानावर एक खोली होती. तिच्या भिंतींना गाद्या टेकवून बँडमधल्या चौघांनी माझ्यावर गाणी भरली. गिटार वाजवणारा दादा, गाणारी त्याची धाकटी बहीण आणि त्यांचे दोन मित्र. स्वप्नात ऐकू यावे तसे संगीत त्यांना हवे होते. म्हणून ते गिटारचे सूर उलटे फिरवत, एकमेकांत विरघळवत. त्या गरगरत्या सुरांतून बहिणीचा आवाज मात्र स्वच्छ वर येई.

रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी मला अर्धेच ऐकले. "अहो, हे गाणं आहे की तापातली बडबड?" असे म्हणून त्यांनी मला परत केले. चौघेही हिरमुसले.

पुढे बहिणीचे लग्न झाले आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली. बँड मोडला. तिची तान्ही मुलगी मामाकडे वाढली. मामाने गिटार विकली आणि मला न्हाणीघरावरच्या माळ्यावर ठेवून दिले. तिथल्या ओलीने माझ्यावरचा, गाणी धरून ठेवणारा तपकिरी लेप सुटू लागला.

भाची शिकून नर्स झाली. एकदा माळा आवरताना मी तिच्या हाती लागले. डब्यावर आईचे नाव होते.

"मामा, आईचा आवाज घरात होता आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मलाच ऐकवत नव्हतं गं," मामा खाली बघत म्हणाला. "आज ऐकवू, उद्या ऐकवू, असं करता करता राहूनच गेलं."

दोघे मला घेऊन टेप दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. "ही एकदाच वाजेल. जेवढं निघेल तेवढं उतरवून घेतो," तो म्हणाला.

मी जिवाच्या आकांताने वाजले. पहिले गाणे निघाले. मग आई हसून म्हणाली, "दादा, पुन्हा घेऊ या ना!" त्यानंतर नुसती खरखर. यंत्राखाली तपकिरी भुकटी पडत राहिली.

"पुढचं?" भाचीने विचारले. दुरुस्त करणाऱ्याने त्या भुकटीकडे बोट दाखवले.

मामाने पुढचे गाणे गुणगुणायला घेतले आणि मध्येच तो थांबला. "चाल येते गं मला. तिचा आवाज कुठून आणू?"

भाचीने त्याचा हात घट्ट धरला. दोघेही रडत होते.

मित्रांनो, गेलेल्या माणसाचा आवाज तुमच्या घरी असेल, तर दुःखाच्या भीतीने तो कोंडून ठेवू नका. तुम्हाला ऐकवत नसेल, तर दुसऱ्याला ऐकू द्या. माझी सहा गाणी आता कोणालाच ऐकता येणार नाहीत.