राखेतल्या फ्लॉप्या

गुणाजीचा सॅम्पलर, म्हणजे साठवलेले आवाज वाजवणारं यंत्र, बंद केला की सगळं विसरायचा. ढोल, ताशा, सनई, झांजा, सगळे आवाज तीस फ्लॉप्यांत होते. त्या घातल्याशिवाय ते जपानी धूड म्हणजे नुसतं खोकं. पेणच्या रामवाडीतली त्याची लग्नांत वाजवणारी बेंजो पार्टी मोडली, तेव्हा त्याने फ्लॉप्या बायकोच्या, कृष्णाबाईच्या, हवाली केल्या.

पंधरा वर्षांनी रोह्याचा ऋत्विक जुने आवाज शोधत घरी आला. तो कंप्युटरवर हळदीची गाणी बनवायचा. कृष्णाबाईने वालाचं पिंप उघडलं आणि राखेत कोपरापर्यंत हात घालून एकेक फ्लॉपी वर काढली. वालाला कीड लागू नये म्हणून राख घालतात. तिने तीच फ्लॉप्यांनाही घातली होती.

"एकीला तरी किडा लागलाय काय, बघ," ती म्हणाली.

किडा लागला नव्हता. ऋत्विकने पहिली फ्लॉपी घातली, मशीन आत शिरलेल्या राखेने करकरलं आणि ढोल-ताशा न वाजवताच थांबलं. तिसावीही तशीच करकरली. गुणाजी अंगणात जाऊन बसला. ऋत्विकने मात्र ती करकर फोनवर रेकॉर्ड करून घेतली.

मे महिन्यात वरसे गावी गुणाजीच्या भाचीच्या हळदीला डीजेने ऋत्विकचं नवं गाणं लावलं. ढोलाच्या प्रत्येक ठेक्यामागे तीच करकर होती आणि अख्खा मांडव तिच्यावर नाचत होता.

गुणाजी खुर्चीतून हलला नाही. "त्या तीस फ्लॉप्या भरायला मला बारा वर्सं लागली," तो म्हणाला.

कृष्णाबाईने पदर खोचला.

"आन राख एका दिसाची, चुलीतली," असं म्हणून ती नाचायला गेली.